अर्धं सूत्र आणि अण्णाची गाडी

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचायला घेतली तर शेवटपर्यंत वाचा. अर्धं वाचून निकाल देणाऱ्यांबद्दलच आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो.

१ मेच्या सकाळी आपल्या उमरेडच्या दोन-तीन ग्रुपवर एक चित्र फिरलं. भगव्या रंगावर महाराष्ट्राचा नकाशा, वर श्रीचक्रधर स्वामींचं चित्र, आणि खाली मोठ्या अक्षरांत स्वामींची आज्ञा: कानडी मुलखात जाऊ नये, तेलंगी मुलखात जाऊ नये, महाराष्ट्रात राहावं. साडेसातशे वर्षांपूर्वीचा महाराष्ट्राभिमान वगैरे. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. मीही दोन हात जोडून पुढे गेलो.

दुपारी त्याच चित्राखाली कोणीतरी दुसरा फोटो चिकटवला. बसस्टँडजवळच्या इडलीच्या गाडीचा. सोबत ओळ अशी, की स्वामी तिकडे जाऊ नका म्हणाले होते, आपण तर त्यांनाच इथे आणून बसवलं. त्यावर हसण्याचे इमोजी, मग अंगठे, मग "बरोबर आहे भाऊ", मग "यांना हाकला" आणि मग नेहमीचे शूर लोक.

गाडी कोणाची ते तुम्हाला ठाऊक आहे. आपण सगळे त्याला अण्णाच म्हणतो. दक्षिणेकडचा कोणीही दिसला की आपल्यासाठी तो अण्णा. करीमनगरकडचा माणूस, अठरा वर्षं झाली इथे येऊन. घरात तेलुगू बोलतो, गिऱ्हाइकाशी नागपुरी. पोरगी इथल्याच मराठी शाळेत आहे. पहाटे पाचला खाणीच्या पाळीवर जाणाऱ्यांना गरम काही मिळतं ते त्याच्याकडे. २ तारखेला त्याची गाडी लागली नाही. ३ तारखेलाही नाही.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "हे सूत्र पूर्ण टाका आणि ते कोणाला सांगितलंय ते पण सांगा." त्यावर जे उत्तर आलं त्यासाठी ही पोस्ट लिहितोय. लिहिणारा पोरगा वाईट नाही, माझ्या ओळखीचा आहे, रक्तदान शिबिरं घेतो. तो म्हणाला, "दादा, धर्मवचनाला इतिहास लागत नाही. जे लिहिलंय ते लिहिलंय. तुम्ही पत्रकार लोक सगळ्यात इतिहास आणता आणि श्रद्धा मोडता."

धर्मग्रंथ समजायला त्याच्या काळाचा, प्रसंगाचा अभ्यास लागतो का? प्रश्न मोठा आहे. मी काही पंडित नाही. पत्रकारितेची पदविका आहे आणि वीस-एक वर्षं तालुक्याच्या बातम्या दिल्यात. पण नेमक्या याच विषयावर माझं एकदा चांगलं थोबाड फुटलेलं आहे, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

तेव्हा मी नवाच होतो. एका गावी शाळेच्या कार्यक्रमात एक निवृत्त गुरुजी बोलले. मी उशिरा पोचलो, मागे उभा राहिलो, आणि त्यांचं एक वाक्य कानावर पडलं: गरिबाच्या पोरांना शिकवून काही फायदा नाही. बापा! मथळाच मिळाला. घाईघाईत वही काढली, वाक्य जसंच्या तसं उतरवलं, संध्याकाळी बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी दोन कॉलम छापून आली. शब्द एकही चुकलेला नव्हता. पण गुरुजी ते वाक्य दुसऱ्याचं म्हणून सांगत होते. पन्नास वर्षांपूर्वी गावच्या मालगुजाराने त्यांच्या वडिलांना तसं ऐकवलं होतं, आणि त्याच्यावर मात करून आपण कसे शिकलो ते गुरुजी सांगत होते. मी आलो तेव्हा गोष्ट अर्ध्यावर होती. पुढे आठ दिवस त्या म्हाताऱ्या माणसाने घराबाहेर पाय ठेवला नाही. मी माफी मागायला गेलो तेव्हा ते रागावले नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "पोरा, तू माह्यं बोलणं बरोबर ऐकलंस. मी काहून बोललो ते नाई ऐकलंस."

पदविकेच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं. मी 'काय' घेतलं आणि बाकीचे पाच सोडून दिले.

आता सूत्राकडे येतो. हे वचन महानुभाव पंथाच्या सूत्रपाठातलं आहे, तेही आचारासंबंधीच्या भागातलं. आणि गंमत अशी, की प्रसंग माहीत असल्याशिवाय वचन कळत नाही ही गोष्ट आपल्याकडे कोणी आधी ओळखली असेल तर याच पंथाने. कोणत्या विद्यापीठाच्या कितीतरी आधी.

पहिल्यांदा लीळाचरित्र झालं. स्वामींच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभट्टांनी आपल्या विदर्भात, रिद्धपूरला ते तयार केलं. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर, जिथे आता २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. म्हाइंभट्ट शिकलेले पंडित. पण त्यांनी एका जागी बसून स्तोत्र रचलं नाही. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडून एकेक आठवण मिळवली, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतली आणि मग लिहिली. स्वामी कोणत्या गावी होते, कोणत्या देवळात उतरले होते, समोर कोण होतं, त्याने काय विचारलं, मग स्वामी काय म्हणाले. मी तर म्हाइंभट्टांना मराठीतला पहिला वार्ताहर म्हणतो. पंथातल्या मंडळींनी या शब्दाचा राग मानू नये, आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी पदवी नाही.

मग केसोबासांनी लीळांमधून स्वामींची वचनं वेगळी काढली. तो सूत्रपाठ. पाठांतराला सोपा, आचरणाला जवळचा. पण वचन प्रसंगापासून सुटं झालं की काय होतं, हे त्या लोकांच्याही लक्षात आलं. म्हणून पंथात 'प्रकरणवश' नावाचा ग्रंथच आहे. त्याचं काम एकच: सूत्र कोणत्या प्रकरणी निघालं, म्हणजे कोणत्या प्रसंगात, कोणाला उद्देशून स्वामी ते बोलले, ते सांगणं. शिवाय 'स्थानपोथी' आहे, तिच्यात स्वामी जिथे जिथे राहिले त्या गावांची, देवळांची, दिशांसकट नोंद. आणि मला सगळ्यात जास्त भावतं ते हे: एखाद्या प्रसंगाची दोघांची आठवण वेगळी असली तर तो फरकही पोथीत लिहून ठेवलेला सापडतो. त्याला त्यांच्या भाषेत 'वासना' म्हणतात. अमुक शिष्येला असं आठवतं, तमुकाला तसं. मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत हरवली, मग आठवणींतून ती परत उभी केली गेली, त्यामुळे निरनिराळे पाठ झाले. लपवलं नाही, लिहून ठेवलं. आजच्या किती संपादकांची अशी छाती आहे?

तर ज्या पंथाने "कोणाला, कुठे, का" यासाठी स्वतंत्र ग्रंथ केले, त्याच पंथाचं सूत्र अर्धं कापून, नकाशावर चिकटवून, इडलीवाल्यावर फेकलं गेलं. आणि वर मला सांगतात, धर्मवचनाला इतिहास लागत नाही.

सूत्राचा पुढचा भाग काय आहे? ओळ मी इथे देत नाही, ज्याला हवं त्याने सूत्रपाठ उघडून पाहावा. आशय असा, की ते मुलूख विषयसुखाने भरलेले आहेत आणि तिथे संन्याशांना मान मिळतो. म्हणून जाऊ नये! कारण वाचलं आणि सगळं चित्रच पालटलं. तिथले लोक वाईट म्हणून जाऊ नका असं नाही. तिथे खायला-प्यायला चांगलं मिळेल, लोक पाया पडतील, आणि सगळं सोडून निघालेला साधक पुन्हा मोहात पडेल, ही काळजी. तेलंगी माणसाची निंदा सोडा, आडून का होईना हे त्यांच्या पाहुणचाराचं कौतुकच म्हणायला पाहिजे.

आणि हे सांगितलंय कोणाला? घरदार सोडलेल्या शिष्याला. त्याच आचाराच्या सूत्रांत आणखी काय काय आहे ते बघा. आपला गाव सोडावा, सोयऱ्याधायऱ्यांचा संबंध सोडावा, भिक्षा मागून खावं, मुलखाच्या टोकाला झाडाखाली आयुष्य काढावं. ज्या भावाने ते चित्र बनवलं त्याचं दुमजली घर आहे, बायपासला प्लॉट आहे, नगरपरिषदेला उभं राहायची इच्छा आहे. राहो, माझं काही म्हणणं नाही. पण त्याला झाडाखालचं सूत्र लागू नाही आणि महाराष्ट्राचं तेवढं लागू आहे, हे कसं काय?

आणखी एक. त्या 'महाराष्ट्र' शब्दाखाली १ मे १९६० चा नकाशा घालणं म्हणजे शिवाजी महाराजांच्या हातात मोबाइल देणं. तेव्हा देवगिरीला यादवांचं राज्य होतं. राज्य पुनर्रचना, नागपूर करार, यातलं काही नव्हतं. अहो, आपलं उमरेडच १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशात होतं! माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर सी.पी. अँड बेरार छापलेलं आहे. तेव्हाच्या कोण्या आगाऊ माणसाने आजोबांना "तुम्ही बाहेरचे" म्हटलं असतं तर?

आणि स्वामी स्वतः कुठले? पंथाची परंपराच सांगते, गुजरातेतल्या भडोचचे. तिथून ते रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे आले. लीळाचरित्राच्या एकांक भागात त्यांचा संचार ओरंगलपर्यंत, म्हणजे आजच्या वरंगळपर्यंत झाल्याचं येतं. वरंगळ म्हणजे अण्णाच्या गावच्या शेजारचंच. पुढे पंथाची मंडळी कुठपर्यंत गेली? पंजाबात, पार पेशावरकडे. तिकडे त्यांना जयकृष्णी म्हणतात. त्यांच्यासोबत मराठी पोथ्याही गेल्या. ज्यांच्या घरात हे सूत्र जन्मापासून पाठ होतं, त्यांनी त्याचा अर्थ "मराठी माणसाने हद्द ओलांडू नये आणि दुसऱ्याला ओलांडू देऊ नये" असा घेतला असता तर ते पेशावरला पोचले असते का?

आता त्या पोराचं दुसरं म्हणणं, की इतिहास आणला की श्रद्धा मोडते. हे मी हसण्यावारी नेत नाही. तसं वाटणारी बरीच माणसं आहेत आणि ती सगळी राजकारणी नाहीत.

त्याला मी म्हटलं, पावसाळ्यात आपल्याच गावच्या विहारात संध्याकाळी जाऊन बस. वर्षावासात तिथे बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. बाया-माणसं दिवसभराचं काम आटपून येतात, एक जण वाचतो, बाकी ऐकतात. त्या लोकांसाठी तो ग्रंथ काय आहे ते सांगायची गरज नाही. आणि हा ग्रंथ सुरू कशाने होतो? प्रश्नांनी. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहिला आणि घर सोडलं, अशी गोष्ट आपण लहानपणी ऐकली. बाबासाहेब विचारतात, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यातलं काहीच पाहिलं नव्हतं, हे कसं पटावं? मग ते शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाकडे नेतात, युद्धाला विरोध करणाऱ्या सिद्धार्थाकडे नेतात. त्यांच्या आधी धर्मानंद कोसंबींनीही गृहत्यागाची पारंपरिक गोष्ट तपासून पाहिली होती. १९५६ साली नागपुरात लाखो लोकांनी धम्म घेतला, तो असे प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या मागे जाऊन घेतला. ग्रंथ पुढच्या वर्षी छापून आला. इतिहास विचारल्याने श्रद्धा मोडत असती तर आज विहारात पावसातही चपला ठेवायला जागा का नसते?

आपल्या गोसीखुर्दच्या पाण्यावरून भांडणं पाहिलेल्या शेतकऱ्याला तर रोहिणीची गोष्ट चार दृश्यांपेक्षा लवकर कळते. हे विहारातच एका म्हाताऱ्याने मला सांगितलं होतं.

ग्रामगीतेचंही तसंच. आपल्याकडे गावोगाव वाचतात, माझ्या घरी आहे. १९५५ चा ग्रंथ. तेव्हा जिल्हा परिषदा नव्हत्या, त्या १९६२ ला आल्या. विनोबांचं भूदान तेव्हा भरात होतं. गावाने आपलं आपण सावरावं असं महाराज सांगतात तेव्हा सरकारी योजनेचा फलकसुद्धा गावात पोचला नव्हता, हे लक्षात ठेवून वाचलं की अंगावर येतं. न ठेवता वाचलं तर स्वच्छतेचं सुभाषित वाटतं.

पण खरं सांगतो, हे सगळं लिहून झाल्यावर मला माझाच संशय आला. कारण माझ्या नात्यातल्या एक मावशी आहेत, सत्तरी पार केलेल्या, उपदेशी. लग्नानंतर सासरच्या घरी पंथ आला. रोजचं नामस्मरण, पर्वाला मठात जाणं, भेटलं की "दंडवत प्रणाम". शाळा चौथीपर्यंत. यादव कोण, देवगिरी कुठे, काही माहीत नाही. मग त्यांना सूत्र कळत नाही असं म्हणायचं का? तसं म्हणणारा मी कोण? नागदेवाचार्यांनी तर शिष्यांना संस्कृत सोडून मराठीत बोला, लिहा असं सांगितलं होतं, ते अशाच म्हाताऱ्या बायांसाठी. धर्म त्यांच्यापासून तुटू नये म्हणून. तो धर्म आता मी इतिहासाच्या पुस्तकामागे नेऊन ठेवला तर पुन्हा तेच झालं की.

म्हणून मी ४ तारखेला मोबाइल घेऊन त्यांच्याकडे गेलो. चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं, स्वामींच्या चित्राला नमस्कार केला, मग खालचा इडलीच्या गाडीचा फोटो पाहिला.

"हे कोनं केलं?"

सांगितलं.

"अर्धंच लिहिलं त्यानं. पुढं हाय ना, तिथं मान भेटते म्हनून जाऊ नोको. बाबा निरूपणात सांगतेत."

मी विचारलं, "मावशी, मग तुम्हाला हे सूत्र कसं लागू? तुम्ही तर संसारात."

त्या हसल्या. "जिथं लय मान भेटते तिथं लय बसू नोको, एवढं मले लागू. तेरव्या-लग्नात मी लवकर उठून येतो ते काहून? बाकी भिक्षुकाचं भिक्षुक पाहतीन." आणि मग मोबाइल परत देताना, "सूत्र आपल्याले सांगितलं असते बाबू. दुसऱ्याले मारासाठी नाई सांगितलं."

मी पाच-सात पुस्तकं चाळून जिथे आलो होतो तिथे त्या बसल्या जागी होत्या. पण एक लक्षात घ्या. त्यांना हे आपोआप कळलेलं नाही. त्यांनी पुस्तक वाचलं नाही, पण चाळीस वर्षं निरूपण ऐकलं. निरूपणात बाबा सूत्र सांगतात, मग लीळा सांगतात, स्वामी कुठे होते, कोणाला म्हणाले ते सांगतात. इतिहासच आहे तो, फक्त कानाने आलेला. त्या पोराकडे कानाचाही नाही आणि डोळ्याचाही नाही. त्याच्याकडे चित्र आहे.

तेव्हा माझं मत, पटलं तर घ्या. वचन स्वतःला लावून घ्यायचं असेल तर ज्याला जेवढं कळलं तेवढं पुष्कळ. चुकलं तरी नुकसान आपलं. पण तेच वचन दुसऱ्यावर चालवायचं असेल, कोणाला बंदी करायला, कोणाची जात काढायला, बाईला दाराबाहेर बसवायला, माणसाला गावाबाहेर काढायला, तर मात्र ते कोणी, कोणाला, कुठे, केव्हा आणि का म्हटलं याचा हिशेब आधी द्यावा लागेल. पूर्ण द्यावा लागेल. पोलीस ठाण्यात साध्या चोरीची तक्रार द्यायला गेलो तरी जागा आणि वेळ विचारतात.

बाईला दाराबाहेर बसवण्याचं उगाच नाही म्हटलं. हेच स्वामी स्त्रीच्या विटाळाबद्दल साडेसातशे वर्षांपूर्वी काय म्हणाले, ते लीळाचरित्रात आहे. शरीराला द्वारं आहेत, त्यातून स्राव व्हायचेच, त्यातलाच हा एक, त्यात विटाळ कसला, असा सरळ अर्थ. त्या वचनाचं चित्र ग्रुपवर कोणी टाकत नाही. आणि ते किती धाडसाचं आहे हे कळायलाही तेव्हाचा काळच ठाऊक असावा लागतो. आज वाचलं तर आरोग्यखात्याचं पत्रक वाटेल.

आता थोडं आमच्यासारख्यांच्या विरोधात. इतिहास सांगणाऱ्यांचाही एक माज असतो. पोथी सकळ लिपीत होती, गुप्त होती, बाहेरच्या अभ्यासकांना ती वाचता आली ती विसाव्या शतकात. मग यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, वि. भि. कोलते, पुढे अमेरिकेच्या अॅन फेल्डहाउस, या लोकांनी आयुष्य घातलं. फेल्डहाउसबाईंचा सूत्रपाठावरचा इंग्रजी ग्रंथ १९८३ चा आहे. आपल्यापैकी कितींना त्यांचं नाव माहीत आहे? पण त्याचबरोबर कोलत्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ ला आलं तेव्हा पंथातल्या अनेकांची मनं दुखावली, मोठा वाद झाला. एका बाजूला नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेला, पोथ्यांवर जीव टाकणारा संशोधक. दुसऱ्या बाजूला, ज्यांच्यासाठी ती पोथी म्हणजे देवाचं चरित्र, अशी माणसं. मला कोलत्यांचं काम थोर वाटतं आणि ग्रंथ लोकांपासून दूर ठेवणं मला पटत नाही. पण दुखावलेल्या माणसाला अडाणी म्हणणंही पटत नाही. तुमच्या आईचं पत्र कोणी चौकात शब्दार्थासह वाचलं तर अर्थ बरोबर असूनही तुम्हाला बरं वाटणार नाही. संशोधकाने वाचावं, छापावं, पण हे ध्यानात ठेवून. रिद्धपूरच्या नव्या विद्यापीठाकडून माझी खरी अपेक्षा हीच आहे. मठातले बाबा आणि विद्यापीठातले प्राध्यापक एका सतरंजीवर बसून एक सूत्र, त्याचं प्रकरण, त्याच्या वासना, असं करत बसले पाहिजेत, आणि ते मोबाइलवर आपल्या पोरांना ऐकायला मिळालं पाहिजे. नाहीतर पोरांपर्यंत नकाशावाली चित्रंच पोचतील. ती फार लवकर पोचतात.

त्या पोराला मी मावशींकडे घेऊन गेलो होतो. यायला तयार नव्हता, चहाच्या नावाने आणला. मावशींनी त्याला काही ऐकवलं नाही. सूत्राचा पुढचा भाग त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि पोहे दिले. त्याने परवा रात्री पोस्ट काढून टाकली. माफी वगैरे मागितली नाही, ग्रुपवर काही लिहिलंही नाही. तोवर ती चित्रं कुठे कुठे गेली असतील, ते आता कोणाच्याच हातात नाही.

आणि अण्णा? कालपासून गाडी लागते आहे, पण बसस्टँडजवळ नाही. बायपासकडे, झाडाखाली. मी विचारलं, जागा का बदलली? म्हणाला, "तिकडं गर्दी जास्त होते साहेब." मी दोन प्लेट बांधून घेतल्या. ज्यांना सकाळच्या पाळीला जाताना त्याची आठवण येते त्यांनी थोडं वळून जावं. साडेआठपर्यंत असतो.